पद्मिनीच्या आतल्या कामाचे कानमंत्र

पोरी, आजोबांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवलीस, फार चांगलं केलंस. इंजिन मिस्त्री बघेल, पत्रा डेंटर बघेल. सीट, छताचं अस्तर, डोअर पॅड, मॅट, डॅशबोर्ड हे आतलं काम मात्र स्वतः करणार म्हणालीस. मग माझं ऐकून ठेव. कुशनच्या कामात माझं आयुष्य गेलं, त्यातून जे हाती लागलं ते तुला देतो.

सगळ्याचं सार आधीच सांगतो. या कामात जुना तुकडा हाच नकाशा. गाडी बनवणारा प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. तुझ्या गाडीच्या सीटची शिवण कुठून कुठे जाते, हे आता फक्त ती सीटच सांगू शकते. म्हणून नवं बसून, त्यावर एक पावसाळा जाईपर्यंत फाटक्या रेक्झिनचा तुकडासुद्धा भंगारात द्यायचा नाही.

१. गाडीचं साल बघ, मग बाजारात जा

लोक या सगळ्यांना सरसकट फियाट म्हणतात, पण पिढ्या वेगळ्या आहेत. पन्नाशीच्या दशकातली गोल पाठीची ‘डुक्कर फियाट’ वेगळी. १९६४ ला ११०० डिलाइट आली, सत्तरीच्या सुरुवातीला तिचंच नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. बाहेरून बहिणी-बहिणी वाटल्या, तरी आतला माल एकाचा दुसरीला बसेलच असं नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेल्या गाडीत पुढे सलग बाक असतो. नंतरच्या काही मॉडेलांत गिअर खाली आला आणि पुढच्या सीट वेगवेगळ्या झाल्या. आरसी बुकातलं साल कागदावर लिही आणि दुकानदाराला तेच सांग. नुसतं ‘पद्मिनी’ म्हणालीस तर तो त्याच्याकडे असेल ते देईल.

गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल तर आणखी एक गोष्ट. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मात्र ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रोज चालवायची की जपायची, हे कामाला हात घालण्याआधी ठरव. मालाची निवड त्यावरच ठरते.

२. काढताना घाई नाही

आधी बॅटरीची वायर काढ. मग प्रत्येक कोपऱ्याचे फोटो, एक लांबून आणि एक जवळून. काढायचा क्रम असा: सीट, मग मॅट, मग डोअर पॅड, मग डॅशबोर्डवरचं सामान, आणि छताचं अस्तर सगळ्यात शेवटी. बसवताना हाच क्रम जवळजवळ उलटा होतो. छत आधी, सीट शेवटी.

प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, आत चिठ्ठी: ‘डावं पुढचं दार, हँडल’. सगळे स्क्रू एका डब्यात टाकणारे कारागीर मी पाहिलेत. त्यांचं जोडणीचं काम दुप्पट होतं. या गाडीचे आटे मेट्रिक आहेत. मूळचा स्क्रू हरवला म्हणून तिथे पत्र्याचा जाड स्क्रू पिळला, की आटा कायमचा गेला.

काच खालीवर करायचं हँडल ओढून काढू नकोस. त्याच्या मागची चकती आत दाबून आधी बघ, काय दिसतंय. आरपार पिन असेल तर बारीक पंचने हलकेच ठोकून निघते. नालेच्या आकाराची क्लिप असेल तर चकती आणि हँडल यांच्या फटीत कापडाची लांब पट्टी घाल आणि दोन्ही टोकं धरून आलटूनपालटून ओढ. कापड क्लिपच्या टोकात अडकतं आणि ती बाहेर उडते. दुसरा हात समोर धर, नाहीतर क्लिप गॅरेजभर शोधावी लागेल.

डोअर पॅड क्लिपांवर अडकवलेलं असतं. पुट्टीच्या पातळ पट्टीला टेप गुंडाळ, ती क्लिपच्या अगदी जवळ सरकव आणि तिथेच उचल. दोन क्लिपांच्या मधे जोर दिलास तर आतला हार्डबोर्ड मोडतो. जुना फेल्ट आणि काथ्या काढताना तोंडाला मास्क हवाच. पन्नास वर्षांची धूळ, बुरशी, उंदरांची घाण सगळं त्यात बसलेलं असतं.

३. मूळ रंग कुठे सापडतो

बसायच्या जागेवरचा रंग खरा नसतो. ऊन आणि घाम यांनी तो बदललेला असतो. खरा रंग सीटच्या खाली दुमडलेल्या कडेत मिळतो, नाहीतर पायपिंगच्या आतल्या शिवणीत, किंवा ॲशट्रेच्या मागे. तो इंचभर तुकडा कापून बाजारात ने आणि दिवसाच्या उजेडात जुळव. दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास नको.

रेक्झिन साधारण चोपन्न इंची पन्ह्याचं येतं. लागणारं सगळं एकाच रोलमधून घे, वर एक मीटर जास्त घे. त्याच दुकानात, त्याच नावाचा दुसरा रोल रंगाला थोडा वेगळा निघतो आणि सीट शेजारी ठेवल्या की तो फरक डोळ्यात येतो.

४. पत्रा कोरडा, मग बाकी सगळं

सगळं निघाल्यावर उघडा फ्लोर मिळेल. तो दिसणं ही तुझ्यासाठी पुन्हा न येणारी संधी आहे. पेचकसाच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाज आला तर पत्रा ठीक, भद्द आवाज आला तर आत गंज. पायाखालचा भाग, दरवाज्याच्या खालच्या पट्ट्या, मागच्या सीटखालची जागा आणि डिकीचे कोपरे नीट बघ. सडलेला पत्रा कापून नवा जोडून घे. त्यावर डांबर फासून झाकणारा कारागीर भेटला तर त्याला नमस्कार करून परत पाठव. वेल्डिंग झालं की गंजरोधक प्रायमर, मग रंग, मग डांबरी शीट. फ्लोरमधली पाणी जायची भोकं आणि त्यांची रबरी बुचं जागेवर हवीत. दारांच्या तळातली भोकं तारेने मोकळी कर. ती बुजली की दार आतून सडतं.

एक परीक्षा मॅट घालायच्या आधीच उरकायची. काचा बसल्यावर गाडीच्या आत फ्लोरवर टाल्कम पावडर भुरभुरव आणि बाहेरून नळीने पाणी मार. पाणी जिथून आत येतं तिथपासून पावडरीत वाट उमटते. गळती तिथेच बंद कर. कोकणातल्या गाड्या मी अनेक उघडल्या. फ्लोर सडायचं मूळ बहुतेक वेळा काचेच्या रबरात आणि दारातल्या पाण्यात सापडलं.

५. वायर आधी, अस्तर नंतर

छतातल्या दिव्याची वायर, मागच्या दिव्यांची वायर, पुढेमागे स्पीकर लावायचे असतील तर त्यांचीही वायर आत्ताच टाकून घे. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच. प्रत्येक वायरीसोबत एक नायलॉन दोरी मोकळी सोडून ठेव. पुढे कधी नवी वायर ओढायची झाली तर अस्तर फाडावं लागणार नाही. बॅटरी जोडून प्रत्येक दिवा पेटवून बघ आणि मगच पुढे जा.

६. छताचं अस्तर: इथे धीराची परीक्षा

या अस्तराला आतून पोलादी कांबींचा आधार असतो. अस्तराच्या पाठीला शिवलेल्या नळ्यांतून त्या कांबी जातात आणि त्यांची टोकं छताच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत बसतात. दिसायला सारख्या, पण प्रत्येकीची लांबी आणि बाक वेगळा. काढतानाच पुढून मागे नंबर घाल आणि कुठलं टोक डावं तेही लिही. घासून त्यांना रंग दे; उघड्या कांबीचा गंज नव्या अस्तरावर तपकिरी रेघ काढतो आणि ती पुन्हा निघत नाही.

जुनं अस्तर शिवणीवर उसवायचं. ब्लेडने टाके काप, कापड ओढू नकोस. सपाट पसरून, सुरकुत्या काढून त्यावरून जाड कागदावर नमुना उतरव. नळी कुठून सुरू होते, कुठे संपते, मध्यरेषा कुठे, सगळं खुणांनी नोंद. कडेला दोन-तीन इंच जास्त ठेव. तेच पकडून ताणायचं असतं.

बसवायच्या दिवशी अस्तर तासभर उन्हात पसरून ठेव. ऊबेने ते मऊ पडतं आणि ताण घेतं. कांबी ओवून आधी मधली कांब जागेवर बसव, मग तिथून पुढे आणि मागे. नळीची टोकं थोडी थोडी काप. एकदम जास्त कापलीस तर कड उघडी पडते, कमी कापलीस तर कोपऱ्यात चुणी राहते. सगळ्या कांबी उभ्या राहिल्या की आधी क्लिपांनी कडा पकडून ठेव, पुढून मागे ताण, मग आडवं. गोंद त्यानंतर.

गोंद म्हणजे रबरी काँटॅक्ट ॲडहेसिव्ह. दोन्ही बाजूंना पातळ थर, मग दहा-पंधरा मिनिटं थांब. बोट लावल्यावर चिकटेनासं झालं की दाबायचं. ओल्या गोंदावर दाबलेलं अस्तर उन्हाळ्यात सुटतं. आणि पावसाळी दिवसात हे काम अजिबात करू नकोस. गोंदातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि थर पांढरट, कमजोर पडतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम.

दिवा, आरसा, सन व्हायझर यांची भोकं अंदाजाने कापायची नाहीत. टाचणीने आतून चाचपून भोक सापडलं की टाचणी तिथेच राहू दे, आणि झाकणाखाली लपेल एवढीच बारीक फुली काप. शेवटी राहिलेल्या बारीक सुरकुत्यांना लगेच हात लावू नकोस. गाडी दोन-चार दिवस उन्हात उभी कर, बऱ्याचशा आपोआप जातात. उरतील त्यांना हेअर ड्रायरची लांबून ऊब दे.

७. काच बसवायची दोरीची युक्ती

अस्तराची कड काचेच्या रबराखाली जाते, म्हणून काच अस्तरानंतर. नवं रबर काचेभोवती चढव आणि त्याच्या आतल्या खाचेत मजबूत दोरी फिरवून दोन्ही टोकं खाली मध्यावर सोड. रबराला साबणाचं पाणी लाव. ग्रीस किंवा तेल लावू नकोस, त्याने रबर फुगतं. बाहेरून एकाने तळव्याने काच दाबायची, आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तशी रबराची ओठी पत्र्यावर चढत जाते. हे काम एकट्याने करू नकोस. दारांच्या पुढच्या त्रिकोणी काचांचं रबरही याच वेळी बदल, तिथून आलेलं पाणी थेट डोअर पॅडमध्ये उतरतं.

८. सीट: खरं काम डोळ्याआड

लोक रेक्झिन बघतात, तू सांगाडा बघ. जुनं कव्हर उसव, प्रत्येक तुकड्यावर ‘वर’, ‘पुढे’, ‘डावा’ लिही आणि शेजारच्या तुकड्याला जिथे जुळतो तिथे दोन्हींवर खडूची आडवी खूण कर. उसवल्यावर खुणा नसतील तर सीटची वळणं जुळवताना दिवस जातात. बसून बसून कव्हर ताणलेलं असतं, त्यामुळे नमुना उतरवताना सांगाड्यावर टेप लावून माप पडताळ.

सांगाडा तारेच्या ब्रशने घास, मोडलेली स्प्रिंग बदल, रेड ऑक्साइड आणि वर एनॅमल दे. टॅक्सीतून निघालेल्या जुन्या सीटच्या स्प्रिंगा यासाठी सोन्याच्या मोलाच्या. मुंबईतली नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. तेव्हापासून हा माल घटत चालला आहे, दिसला की घेऊन ठेव. कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार, पुण्यातली नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, या जागा फिरत राहा.

आता थर. स्प्रिंगवर आधी जाड गोणपाट, तो दोऱ्याने किंवा रिंगांनी पक्का बांधायचा. त्यावर काथ्याची रबर घातलेली गादी, मग फोम. गोणपाट वगळून फोम थेट स्प्रिंगवर ठेवलास तर तारा थोड्याच दिवसांत फोम कापून वर येतात. बसायच्या जागेला चाळीस डेन्सिटीचा फोम, पाठीला बत्तीस चालतो. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. दुकानदार सांगतो त्यावर न जाता तुकडा कापून वजन करून बघ. उंची मूळ एवढीच ठेव. जाड फोम घातलास तर बसणाऱ्याचं डोकं छताला लागेल आणि स्टिअरिंग मांडीला.

शिवणीला जाड पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा दोरा. सुती दोरा घामाने आणि ओलीने कुजतो. टाका चार-पाच मिलीमीटरचा. बारीक टाक्यांना मजबूत समजू नकोस: भोकं जवळजवळ पडली की रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. पायपिंगची दोरी आतून एकसारखी हवी. जोड पुढच्या कडेला दिसू देऊ नकोस, मागे ने.

कव्हर चढवताना फोमवर पातळ प्लास्टिक पसर, म्हणजे रेक्झिनची कापडी पाठ फोमला न अडकता सरकते. कव्हर आधी उन्हात ठेव. रिंगा मारायला सुरुवात पुढच्या मध्यापासून, मग मागचा मध्य, मग बाजू, आणि कोपरे सगळ्यात शेवटी. आधी कोपरा पक्का केलास तर सगळी चुणी मध्यावर येऊन बसते.

सीट गाडीत ठेवायच्या आधी रूळ साफ करून ग्रीस लाव. पुढेमागे सरकवून दोन्ही बाजूंची खिट्टी एकदम लागते का ते बघ. एकच लागत असेल तर ब्रेक मारल्यावर सीट तिरकी सरकते. बोल्ट जुन्याच दर्जाचे, स्प्रिंग वॉशरसकट. सीट बेल्ट लावायचा असेल तर नुसत्या पत्र्याला बोल्ट मारू नकोस, मागून जाड पोलादी पट्टी घे. हे काम जाणकार फॅब्रिकेटरकडून करून घे. इथे काटकसर करायची नाही.

९. दारं

पॅडच्या मागे प्लास्टिकचा पडदा हवा. दारात पाणी जातंच. हा पडदा ते आतल्या आत खाली वळवतो. पडद्याची खालची कड दाराच्या आत सोड, बाहेर काढू नकोस. नवं पॅड कापशील तर तीन मिलीमीटरचा बोर्ड घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना व्हार्निश दे. ओल कडेतून शिरते. पॅड बसवायच्या आधी काच खालीवर करून बघ, यंत्राला ग्रीस दे, काचेच्या खाचेतली मखमली पट्टी बदल.

१०. मॅट आणि डॅशबोर्ड

मॅट किंवा कार्पेट बसवताना आधी मधला उंचवटा, मग दोन्ही बाजू. सीटच्या बोल्टची भोकं ड्रिलने पाडू नकोस. ड्रिलच्या टोकात धागा अडकला की पूर्ण रेघ उसवते. तापवलेल्या खिळ्याने भोक पाड, कडाही वितळून बंद होतात. पाणी शोषून धरणारा फेल्ट खाली घालू नकोस.

डॅशबोर्ड पत्र्याचा आहे, तो रंगवून छान दिसतो. पण मीटरच्या मागे जिथे अर्थिंगचा स्क्रू लागतो तिथला रंग खरवडून पत्रा उघडा ठेव. नव्या रंगानंतर मीटरचे दिवे लागत नाहीत अशी तक्रार घेऊन लोक वायरमनकडे जातात. बहुतेक वेळा दोष त्या एका स्क्रूखालच्या रंगात असतो. स्टिअरिंगच्या भेगा इपॉक्सीने भरून, घासून, रंगवता येतात. मूळचं स्टिअरिंग बदलू नकोस.

११. नंतरची निगा

रेक्झिन पेट्रोलने किंवा थिनरने पुसायचं नाही, त्यातला मऊपणा निघून जातो आणि ते तडकतं. कोमट पाणी, थोडा साबण, कोरडं फडकं, पुरे. पावसाळ्यात दर आठवड्याला एका कोरड्या दुपारी चारही दारं उघडी ठेव, मॅट उचल. गाडी उभी राहणार असेल तर उंदरांची वाट बंद कर. वायर आणि पेडल यांच्या भोकांतून ते येतात आणि काथ्यात घर करतात.

१२. शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं

काम झालं की कागदी नमुने फेकू नकोस. प्रत्येकावर साल, मॉडेल, फोमची जाडी, दोरा, रेक्झिनचा नमुना लिहून मोठ्या पाकिटात सपाट ठेव. कांबींची मापं, क्लिपांची संख्या, सगळं त्यातच. बाजारात स्पेअर संपत चालले आहेत, आणि जे संपेल ते कुणी पुन्हा बनवायला घेतलं तर त्याला आधार म्हणून तुझे हे कागद लागतील. अशीच गाडी घेऊन धडपडणारं दुसरं कुणी दाराशी आलं, तर त्याला नमुन्यांची प्रत मोकळ्या हाताने दे. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी हातचं राखून ठेवलं नाही. तूही ठेवू नकोस.